मी गहू सोडला नव्हता

ज्यांच्या घरात कुणाला गहू चालत नाही असं डॉक्टरनं सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. काय खायचं, काय नाही, ते डॉक्टर सांगतातच. लोकांना काय सांगायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. तिथंच मी चुकले, आणि माझी चूक तीन वर्षांच्या एका पोरीच्या अंगावर निघाली.

आधी तोंड आलं

औंढा नागनाथपासून दोन-अडीच कोसांवर आमचं गाव. तिथं मी अंगणवाडीची बाई होते. मारुतीच्या देवळाच्या ओसरीत अंगणवाडी भरायची. पटावर छत्तीस लेकरं, दोन सतरंज्या, एक वजनकाटा, आणि भिंतीवर मी काढलेलं कमळ, ज्याला सगळी लेकरं कोबी म्हणायची. ओढ्यापलीकडं तांडा होता, तिथली लेकरंही माझ्याकडंच. जिभेला माझ्या धार, कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. पाहणीला आलेल्या सरपंचालासुद्धा मी लेकरांच्या रांगेत उभं करून हात धुवायला लावले होते. मुळात मी भित्री नव्हते, एवढंच सांगायचंय. भीती मला आजारानं शिकवली.

परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्या पावसाळ्यात गावात हगवण आली. बाकीच्यांची आठ दिवसांत थांबली, माझी थांबलीच नाही. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, सलाईन झाली. मग तोंड आलं. जिभेच्या कडेला, गालाच्या आत पांढरे फोड, आणि तिखटाचा कण लागला की डोळ्यांतून पाणी. पोट तट्ट फुगायचं, पायात गोळे यायचे, विंचरायला बसलं की फणीत केसांचा पुंजका. एका डॉक्टरनं अमिबा सांगितला, दुसऱ्यानं अल्सर, तिसऱ्यानं टीबी समजून सहा महिने गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी लघवी लाल झाली, बाकी काही फरक पडला नाही. असं करत करत चार वर्षं गेली. रेशनच्या दुकानातल्या काट्यावर उभी राहिले, तर चोपन्न किलोची मी अडतीसवर आले होते.

आणि या चार वर्षांत मला घरात खाऊ काय घालत होते? गव्हाची पोळी. आमच्याकडं रोजची भाकर ज्वारीची; पोळी सणाची, नाहीतर पाहुण्याची. आजारी माणसाला भाकर जड पडते म्हणून सासूबाई दुधात पोळी कुस्करून द्यायच्या, रव्याची खीर करायच्या. दोन बिस्किटं जास्तीची माझ्या उशाशी ठेवायच्या. माझ्यावर त्यांचा जीव होता, आणि त्या जितका जीव लावत गेल्या तितकी मी खंगत गेले. त्यांना मी कधी तसं बोलून दाखवलं नाही.

दुर्बिणीचा दिवस

शेवटी नांदेडच्या एका डॉक्टरनं हात टेकले आणि औरंगाबादला पाठवलं. सोबत आमचे मालक. त्यांचा शिलाईचा धंदा, बोलणं कमी, ऐकणं त्याहून कमी. घशातून दुर्बीण घातली तेव्हा मी परिचारिकेचा हात इतका आवळला की तिच्या बांगडीचा ओरखडा माझ्या तळव्यावर उमटला. तिनं हात सोडवून घेतला नाही. त्या दिवसातलं मला तेवढंच चांगलं आठवतं.

रिपोर्ट सांगायला एक तरुण डॉक्टरबाई आल्या. म्हणाल्या, "तुम्हाला गहू चालत नाही. चव चाखायलासुद्धा नाही. जन्मभर." रोगाचं नाव त्यांनी सांगितलं, सिलिअॅक. मला ते नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी कागदावर लिहून दिलं. गव्हात एक चिवट पदार्थ असतो, त्याच्याशी माझं शरीर भांडतं, आणि त्या भांडणात आतड्याचं अस्तर झडून जातं, असं त्यांनी समजावलं. मी विचारलं, जन्मापासून खाल्ला गहू, मग आताच काय झालं त्याला?

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे. आपल्या तोंडापासून खाली आतड्यापर्यंत जंतूंची एक वस्ती असते. सगळे जंतू वाईट नसतात. कितीतरी आपल्या कामाचे. अन्न फोडायला ते हातभार लावतात, आतड्याची राखण करतात. ती हगवण, त्यावरची ती औषधं, यांनी कदाचित तुमची वस्ती विस्कटली असेल, आणि मुळात रक्तात असलेला आजार वर आला असेल. मग हसून म्हणाल्या, "असेल म्हणतेय हं. नक्की अजून कुणालाच ठाऊक नाही." आणि एवढंही म्हणाल्या, की हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मी ऐकलं. मालकांच्या कानात मात्र एकच शब्द शिरला, जंतू.

परवा कुठल्याशा पुरवणीत वाचलं, की गव्हातला तो चिवट पदार्थ फोडायला सुरुवात करणारे जंतू माणसाच्या तोंडातच सापडलेत. म्हणजे पहिल्या घासापासूनच त्यांचं काम सुरू होतं. कोण कुणाला बिघडवतं, आजार जंतूंना की जंतू आजाराला, याचा म्हणे अजून पुरता उलगडा नाही. वाचलं, आणि पेपर घडी करून ठेवून दिला.

वेगळं ताट

घरी आल्याबरोबर मालकांनी ओट्यावर बसून सांगून टाकलं, "डाक्टर म्हणे हिच्या तोंडात आन आतड्यात जंतू हायेत." सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा, वाटी वेगळी. तव्यालासुद्धा भिंतीपलीकडं जागा. माझी मनी तेव्हा सहा वर्षांची. माझ्या ताटातला भाताचा घास घ्यायला तिनं हात घातला, तर सासूबाईंनी तिचं मनगट धरून मागं ओढलं. म्हणाल्या, आईचं उष्टं खाऊ नको. मनीला काही कळलं नाही. मला सगळं कळत होतं, तरी मी गप्प बसले.

गंमत बघा, त्या वेगळ्या ताटानं आणि वेगळ्या तव्यानंच मला वाचवलं. गव्हाच्या पिठाचा कण लागलेलं भांडंसुद्धा या आजारात घात करतं, हे मला फार पुढं कळलं. सासूबाईंनी शिवाशीव म्हणून जे केलं, ते पथ्य म्हणून बरोबर निघालं. पुढं त्यांनीच माझी ज्वारी घरच्या जात्यावर दळायला घेतली, कारण गिरणीत आधी कुणाचा गहू दळलेला असतो. खड्याच्या नावानं मिळणाऱ्या हिंगातसुद्धा कणीक असते, हेही लक्षात ठेवा. दीड महिन्यात माझं तोंड बरं झालं. सहा महिन्यांत अंगावर मांस चढलं, आरशात जुनी मी दिसायला लागले.

पण ते नंतरचं. जंतूंची बातमी तिसऱ्याच दिवशी हापशावर पोचली. एक बाई घागर भरता भरता म्हणाली, "बाई, तुमी लेकरायला हातानं खाऊ घालता ना? तुमाला कायतरी तोंडाचं झालंय म्हने." बोलली साधंच, पण मला पुढचं दिसलं. लेकरं आली नाहीत तर अंगणवाडी नाही, आणि अंगणवाडी नाही तर मी कोण? शिलाईकाम करणाऱ्याची आजारी बायको.

दुसऱ्या दिवशी सुकडीचं पातेलं उतरवलं. सुकडी म्हणजे गव्हाचं पीठ तेलात भाजून, गुळात घोळून केलेला खाऊ. त्या वर्षांत लेकरांना तोच मिळायचा. लेकरांना द्यायच्या आधी बाईनं स्वतः चाखून बघायचा, असा नियम. ओसरीत चार-पाच आया बसलेल्या. मदतनीस बाईनं चमचा पुढं केला. मी मान हलवली. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी गहू सोडलाय. नागनाथाला."

आमच्याकडं हे सगळ्यांना समजतं. कुणी काशीला जाऊन वांगं सोडतं, कुणी देवाला गोड सोडतं; मग जन्मभर त्याला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्यानं आग्रहही करायचा नाही. चार जणींचे हात कपाळाला गेले. हापशावरची ती बाईही त्यांच्यात होती. म्हणाली, "म्हनून तोंडावर तेज आलं बाई तुमच्या." तोंडात तर तेव्हा फोड होते.

जंतूंचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. लग्नाच्या पंगतीत माझ्यासाठी वेगळी भाकर यायला लागली. नवसाची बाई म्हणून म्हाताऱ्या कौतुकानं पाठीवरून हात फिरवायच्या. आणि खरं सांगायचं तर, मला ते आवडायला लागलं.

जमुनाबाई

साधारण वर्षानं तांड्यावरची जमुनाबाई तिच्या रेणूला घेऊन आली. जमुनाबाई पंचविशीची, काटक, मोजकं बोलणारी. आधीची दोन लेकरं ठणठणीत. ही तिसरी अडीच वर्षांची झाली तरी उभी राहिली की पाय लटपटायचे. हातापायांच्या काड्या, पोट पुढं आलेलं, शी पांढुरकी आणि दुर्गंधीची. मी पोरीला काट्यावर टांगलं, आणि ती रडायला लागली तसं तिचं तोंड दिसलं. जिभेच्या कडेला पांढरे फोड. ओठांचे कोपरे चिरलेले.

ते तोंड माझं होतं. चार वर्षं आरशात बघितलेलं. ओळखायला मला डॉक्टर लागत नव्हता.

जमुनाबाई म्हणाली, "बाई, तुमीबी अशाच वाळल्या व्हत्या. कशानं नीट झाल्या?"

बाजूला तीन आया बसल्या होत्या. मला एवढंच म्हणायचं होतं: मला गव्हाचा आजार आहे, हिलाही तोच असेल, हिला औरंगाबादला ने. माझ्या मनात ते वाक्य तयारही झालं. मग मी त्या तिघींकडं बघितलं आणि म्हणाले, "नागनाथानं. गहू सोडला मी."

स्वतःची समजूत मी लगेच घातली. जंत असतील पोरीला. तांड्यावरचं पाणी खराब आहे. मी काय डॉक्टर आहे का? जंताचं औषध दिलं, सरकारी दवाखान्यात पाठवलं, टॉनिकची बाटली मिळाली. सगळं रीतसर केलं. रीतसर करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

पुढच्या सोमवारी जमुनाबाई अनवाणी औंढ्याला चालत गेली आणि नागनाथापुढं गहू सोडून आली. रेणूनं नाही, तिनं. दोन-अडीच वर्षांच्या लेकराला कोण नवसात बांधतं? लेकरासाठी आईच सोडते. मला येऊन सांगितलं तेव्हा तिच्या तोंडावर मोठं समाधान होतं. म्हणाली, "म्या सोडला बाई. आता माझ्या वाट्याची पोळीबी हिलाच घालते."

मी "बरं केलं" म्हणाले. होय, असं मी म्हणाले.

घास

रेणू कुपोषणाच्या तिसऱ्या श्रेणीत होती. तिसऱ्या श्रेणीच्या लेकराला आहार दुप्पट. म्हणजे घरी आईच्या वाट्याची पोळी, आणि माझ्याकडं दुप्पट सुकडी. मी स्वतः वाढायची. रजिस्टरवर सही माझी.

महिन्यामागून महिने वजन तिथंच. मी दर महिन्याला तक्त्यावर टिंब द्यायची, टिंबं जोडायची. बाकीच्या लेकरांच्या रेघा वर जायच्या, हिची आडवी. शंका पहिल्या दिवशीच आली होती. पुढं शंकासुद्धा उरली नाही, मला ठाऊकच होतं. तरी दर महिन्याला मी म्हणायची, या महिन्यात सांगते. जमुनाबाई एकटी भेटली की सांगते. ती एकटी भेटायचीही. मी भलतंच काहीतरी बोलत बसायची.

एका सकाळी रेणूनं वाटी सरकवली. पायांवर सूज आली होती तिच्या. दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षिका पाहणीला यायच्या होत्या, आणि वजन वाढलं नाही म्हणून मागच्या खेपेला त्या माझ्यावर डाफरल्या होत्या. मी रेणूला मांडीवर घेतलं, घास केला. ती म्हणाली, "नको बाई. पोट दुकतंय." मी तिचे दोन्ही हात माझ्या एका हातात धरले आणि घास तिच्या तोंडात घातला. गिळेपर्यंत हनुवटी वर धरून ठेवली.

तिनं गिळला. मग माझ्याच पदरावर सगळं ओकली, आणि ओकून झाल्यावर माझ्याच गळ्याला मिठी मारून बसली. दुसरं कुणी जवळ नव्हतं ना. मी तिचं तोंड पुसलं. फोडांपाशी आल्यावर मी फडकं खाली ठेवलं. मदतनीस बाई विचारत होती, काय झालं. मी म्हणाले, काही नाही, जमुनाबाईला बोलावून आण.

बाकडं

तिसऱ्या दिवशी आम्ही औरंगाबादला निघालो: जमुनाबाई, तिचा नवरा, रेणू आणि मी. तिथं ओळखीचा दवाखाना आहे, मी एवढंच सांगितलं. वाटभर जमुनाबाई मला धन्यवाद देत होती, तिच्या तऱ्हेनं: शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवायची.

दवाखान्याच्या दारातून त्याच डॉक्टरबाई मला दिसल्या. मी आत गेले असते तर त्यांनी ओळखलं असतं, विचारलं असतं, पथ्य पाळता ना, गहू बंद आहे ना? म्हणून मी जमुनाबाईला म्हणाले, तुमी दोघं जा, मी इथं बसते. आणि बाहेरच्या बाकड्यावर बसले. चार दिवस रेणूच्या तपासण्या चालल्या, चारही दिवस मी त्या बाकड्यावर. डॉक्टरबाई एकदा समोरून गेल्या तेव्हा मी पदर पुढं ओढून घेतला. आजारपणात मी पुष्कळ लाज बघितली, बेडपॅन बघितलं, परक्यासमोर उघडं होणं बघितलं. पण त्या पदराइतकी लाज मला कशाचीच वाटलेली नाही.

चौथ्या दिवशी जमुनाबाई हातात कागद घेऊन बाहेर आली. तो कागद मला वाचायची गरज नव्हती. तसाच माझ्या ट्रंकेत होता, साड्यांखाली.

"पोरीला गहू चालत न्हाई म्हने," ती म्हणाली. मग कागदाची घडी करत, "पाहा ना बाई, नागनाथानंच डाक्टरच्या तोंडून सांगितलं. म्या सोडला, पन सोडायचा व्हता हिनं."

मी मान डोलावली.

आडवी रेघ

रेणूची सुकडी बंद केली, भात-वरण सुरू केलं. घरी भाकर. तीन आठवड्यांत तिनं स्वतःहून वाटी पुढं केली. दोन महिन्यांत सूज उतरली, चौथ्या महिन्यात ती ओसरीतून पळत सुटली आणि दगडाला अडखळून पडली, तेव्हा मी हसले आणि मग आत जाऊन रडले. तक्त्यावरची रेघ वर निघाली. उंची मात्र मागं राहिली ती राहिलीच. आज ती तिच्या धाकट्या बहिणीच्या खांद्याला लागते.

त्या दिवाळीनंतर जमुनाबाई नारळ आणि चोळीचा खण घेऊन माझ्या घरी आली. म्हणाली, नवस पावला, तुमच्यामुळं पावला, तुमी वाट दाखवली. आणि माझ्या पाया पडायला वाकली.

मी तिला धरलं. म्हणाले, खाली बस. दार लोटलं, कपाटातून रेणूचा तक्ता काढला, आणि पर्समधून माझा कागद. ट्रंकेतून काढून तो मी महिनाभर पर्समध्ये घालून हिंडत होते. दोन्ही तिच्या मांडीवर ठेवले आणि सगळं सांगितलं. नागनाथाचं खोटं, जंतूंची बातमी, हापसा, पहिल्या दिवशी बघितलेलं तोंड, सगळं.

जमुनाबाईला वाचता येत नव्हतं, पण रेघ कुणालाही कळते. तिनं बोट आडव्या रेघेवर ठेवलं. डाव्या टोकापासून हळूहळू उजवीकडं नेलं.

"ही किती?"

"चौदा महिने."

"आन तुमाला ठाव व्हतं?"

"व्हय."

"काहून न्हाई सांगितलं?"

मी म्हणाले, भ्याले. लोक लेकरं पाठवायचे बंद झाले असते.

तिनं बोट रेघेवरून उचललं. ओरडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मला हलकं वाटलं असतं. ती म्हणाली, "माझं लेकरू तर येतच व्हतं ना बाई, तुमच्याकडं."

नारळ आणि खण तिथंच राहिले. ती उठून गेली. रेणू दुसऱ्या दिवशीही अंगणवाडीत आली, रोज आली, पण तिला सोडायला तिचा बाप यायला लागला. जमुनाबाईनं तांड्यावर, गावात, कुणाला काही सांगितलं नाही. मी रोज वाट बघायची की आज फुटेल, आज फुटेल. ते फुटत नव्हतं आणि माझ्या तोंडूनही निघत नव्हतं. म्हणजे एकीला खरं सांगूनही मी बाकीच्यांसमोर नवसाचीच बाई राहिले. इतकी मी निगरगट्ट.

पंगत

दीड वर्षानं जमुनाबाईच्या दिराचं लग्न निघालं. आवतन घेऊन रेणूचा बाप आला. म्हणाला, जमुनानं सांगितलंय, बाईला आणल्याबिगर येऊ नका. मी गेले. सगळं गाव होतं, तांडा तर होताच. पत्रावळी मांडल्या. माझ्या शेजारी रेणू येऊन बसली, साडेपाच वर्षांची, दोन वेण्या घातलेली. वाढणारा पुऱ्यांची परात घेऊन आला, तर समोरच्या ओळीतून एक म्हातारी बोलली, अरे, बाईला नको, बाईचा नवस हाय. आजूबाजूच्या चार जणींनी आदरानं माना डोलावल्या.

तेवढ्यात जमुनाबाई भाकरीची टोपली घेऊन आली. माझ्यासमोर थांबली. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. मग आवाज चढवून, दोन्ही ओळींना ऐकू जाईल असं बोलली.

"हिचा काय नवस न्हाई. हिला गहू चालत न्हाई, तब्येतीचं हाय. माझ्या पोरीलाबी चालत न्हाई. डाक्टरचा कागद हाय दोघींचा. कुनाच्या लेकराचं पोट फुगत असंल, तोंड येत असंल, तर नवस बोलू नका, हिला विचारा." तिनं एक भाकर माझ्या पत्रावळीवर ठेवली, एक रेणूच्या. तिसरी स्वतःच्या हातात घेतली आणि म्हणाली, "गहू सोडला म्या. माझा खरा हाय."

मी खाली मान घालून भाकर मोडली. तुकडा हातातच राहिला. रेणूनं कोपरानं ढोसलं आणि विचारलं, बाई, तुमाला भूक न्हाई का?

तो शनिवार होता. रविवारभर मी घराबाहेर पडले नाही. सोमवारी देवळाची ओसरी झाडली, सतरंज्या अंथरल्या, आणि दारात उभी राहिले. लेकरं एकेक करून यायला लागली. गावातली आली, ओढ्यापलीकडची आली. हापशावरची ती बाई तिच्या नातवाला सोडून गेली, जाताना म्हणाली, ह्याचंबी तोंड बघा बाई एकदा, सारखं येतंय. मी रजिस्टर उघडलं, पण नावं घ्यायच्या आधी लेकरं बोटांनी मोजली. दोनदा मोजली.

छत्तीस होती. एकही कमी नव्हतं.